काटा कधी चढतो?

जुनी गाडी तापली की भोवती जमलेला प्रत्येक जण उत्तर देतो, प्रश्न कुणीच विचारत नाही. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे कशाला हवा?’ हे तर आपलं राष्ट्रीय उत्तर. आमच्या १९९८च्या मारुती ८००चं बॉनेट उघडताच गॅरेजवाला म्हणाला, “हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल. १४ हजार.” गाडीचे भंगारात साधारण तेवढेच आले असते. दादानं लगेच हिशेब मांडला. बाबा गप्प. वयाच्या ७३व्या वर्षी कुणालाही न विचारता पुण्याहून वाईला जाता येतं, हे त्या हिशेबात कुठल्या रकान्यात लिहायचं?

मी बाबांना विचारलं, “तापते, पण कधी?”

बाबांनी सरकारी नोकरीत आयुष्यभर नोंदी ठेवल्यात. “सिग्नलला काटा थोडा चढतो, पंखा लागला की उतरतो. सपाट रस्त्याला काही नाही. खंबाटकी चढताना मात्र लालपर्यंत जातो.”

निम्मं निदान इथेच झालं होतं. उभी गाडी तापत राहिली असती तर संशय पंख्यावर, कारण तेव्हा हवा ओढणारं दुसरं कुणी नसतं. घरातून निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरांतच तापली असती तर थर्मोस्टॅट बंद अडकलेला. (तो साधारण ८२ अंशांना उघडतो. कायमचा काढला तर इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. ते राष्ट्रीय उत्तर मला म्हणूनच पटत नाही.) फक्त चढाला तापते, म्हणजे जास्तीची उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर कमी पडतोय.

तरी गॅस्केटची शंका मिटवायला हवी होती. सकाळी इंजिन थंडगार असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली. गरम असताना हे कधीच करू नका. ते झाकण म्हणजे कुकरचंच झाकण. आतल्या दाबामुळे पाणी १००ऐवजी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण काढताच सगळं एकदम अंगावर येतं. गॅस्केट गेलं असेल तर पाण्यात सतत बुडबुडे येतात, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. यातलं काहीच नव्हतं.

मग घाट. एप्रिल, दुपारचे दोन. काटा वर सरकू लागल्यावर मी हीटर फुल केला आणि काचा खाली घेतल्या. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. “मला उकडून मारायचंय का?” बाबा ओरडले. पण काटा थांबला. पाणी फिरतंय, म्हणजे पंप ठीक आहे. फक्त थंड व्हायला जागा मिळत नाहीये. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं, पंखा अचानक फिरू नये म्हणून बॅटरीची वायर काढली आणि रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवला. एका बाजूला चटका, दुसऱ्या बाजूला नुसतं कोमट. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

पुण्यात रेडिएटरच्या कारागिरानं डाग वितळवून वरची टाकी उघडली. रेडिएटर तांब्या-पितळेचा, म्हणून हे शक्य होतं. आताचे ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचे असे उघडता येत नाहीत, बदलावेच लागतात. नळ्यांच्या तोंडांशी पांढरा-पिवळा थर साचला होता. त्यानं एकेका नळीत लोखंडी पट्टी घालून तो खरवडला. याला ते लोक ‘रॉडिंग’ म्हणतात. थराचा एक तुकडा त्यानं कागदात बांधून दिला.

बाबांनी तो नखानं खरडून पाहिला. “हा आपल्या बोअरचा क्षार आहे. गीझरच्या कॉइलवर बसतो, तोच.” एवढी वर्षं रेडिएटरमध्ये ते वाईच्या घरच्या बोअरचं पाणी भरत होते. कूलंट त्यांना श्रीमंतांचं सरबत वाटायचं.

एकूण खर्च २,२०० रुपये, त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर आलं. दादाचा हिशेब वहीतच राहिला. बाबांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं, कार्यालयीन अक्षरांत लिहिलंय : ‘बोअरचे पाणी घालू नये. आदेशावरून.’