पावणेपाच

मुलाला घड्याळ शिकविणे हे घरातले असे काम आहे, की ते दुसऱ्या कोणीतरी करावे असे प्रत्येकालाच वाटते. आई म्हणते, "बाबांना विचार." बाबा म्हणतात, "शाळेत शिकवतील की!" आणि भिंतीवरचे घड्याळ बिचारे टकटक करीत राहते.

परवा आमच्या सौभाग्यवतींनी शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला सांगितले, "पावणेपाचला ये, तोवर चकल्या तळून होतील." तो माझ्याकडे आला. "काका, पावणेपाच म्हणजे चार पंचेचाळीस की पाच पंचेचाळीस?"

प्रश्न खुळा नव्हता. मोबाईलवरच्या ४:४५ मध्ये पाचाचा घंटा कोठे दिसतो? मग पावणेपाच यायचे कोठून?

मी मराठीचा मास्तर. 'पाऊण' म्हणजे संस्कृतातला 'पादोन', एक पाव उणे, हे मला ठाऊक. पण पोराला व्युत्पत्ती नको होती, चकली हवी होती! मी पुठ्ठ्याची तबकडी केली आणि तिला फक्त लहान काटा लावला. मोठा काटा मुद्दामच ठेवला नाही. मुले गोंधळतात ती दोन काटे एकदम समोर आल्यामुळे. लहान काटा चार आणि पाच यांच्यामध्ये, पाचाच्या जवळ ठेवला.

"पाच वाजले?"

"नाही, थोडे कमी आहेत."

"किती कमी?"

त्याने बोटाने वाटेचे चार भाग केले आणि म्हणाला, "चतकोर!"

झाले! त्याला पावणेपाच कळले. सव्वाचार आणि साडेचार त्याने आपणच दाखविले. मग मोठा काटा लावला, आणि नवावर पंचेचाळीस मिनिटे कशी, ते पाचाच्या पाढ्याने सांगितले. लहान काटा एक घर चालतो तोवर मोठा सारी तबकडी फिरून येतो, हे पाहून तो खूष झाला.

आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी घोकली ती बाजाराच्या हिशेबासाठी. ते पाढे गेले. पण सव्वा, साडे, पावणे हे शब्द आपण रोज बोलतो ते मुख्यतः वेळ सांगताना. तबकडी मुलांच्या नजरेआड झाली, तर हे शब्दही त्यांना परके होतील. आणि त्यांच्याबरोबर एक दृष्टीही जाईल. 'चार पंचेचाळीस' हा झालेल्या वेळेचा हिशेब आहे. 'पावणेपाच' म्हणणाऱ्याचे डोळे मात्र येणाऱ्या पाचाकडे लागलेले असतात.