पोग्बाची जागा कोणती?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, पॉल पोग्बाला खेळताना पाहिलंय ना? वर्गातली मुलं त्याच्यावरून अजून भांडतात. युव्हेंटसमध्ये तो मिडफिल्डला डावीकडे खेळायचा. मागे पिर्लो, पलीकडे विदाल, त्यामुळे हा मोकळा! 2016 मध्ये मँचेस्टर युनायटेडने 8.9 कोटी पौंड मोजून त्याला आणलं आणि बरेचदा मागे, बचावाच्या कामाला लावलं. चुकला की शेरा ठरलेला: "अ‍ॅटिट्यूडच वाईट!" सप्टेंबर 2018 मध्ये उपकर्णधारपदही गेलं. आणि जुलैमध्ये? फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकला, फायनलला गोल मारला. तिथेही तो मागेच खेळला, पण शेजारी कांते होता. लहरी तो होताच, ते मी नाकारत नाही. तरी प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' लिहिण्याआधी मी बघते, ते मूल कुणाशेजारी बसतं. पोग्बाचं म्हणाल तर माझं मत डावीकडेच. तुमचं?