ग्राहकाच्या बाजूचा दोष

टिकिट बंद झाल्याचा तो मेल मी अजून पुसलेला नाही. कारणाच्या रकान्यात एकच ओळ : ‘ग्राहकाच्या बाजूचा दोष, निवारण झाले.’ दोष आमच्या बाजूचा नव्हता, निवारणही आम्ही केलं नव्हतं. आणि हे ती लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ती ओळ डाचते.

मी सांगलीत एका छोट्या इंटरनेट कंपनीचं नेटवर्क सांभाळते. मूळचा केबलचा धंदा; केबल गेली, फायबर आलं. एकाच मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घ्यायचो, पत्तेही त्यांचेच, त्यामुळे एक डिफॉल्ट रूट टाकला की राउटिंग संपलं. पुढे आयआरआयएनएनकडून स्वतःचा एएस नंबर आणि २५६ पत्त्यांचा ब्लॉक घेतला आणि दुसरा अपस्ट्रीम, म्हणजे बँडविड्थ देणारी दुसरी कंपनी, जोडायचं ठरलं. त्यासाठी लागणारं बीजीपी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रूट सांगायची भाषा, मी लॅपटॉपवर खोटे राउटर उभे करून शिकले होते. तिथे सगळं जमायचं, कारण तिथे मध्ये कुणा तिसऱ्याचा स्विच नसतो.

दुसरी लिंक पुण्याहून यायची, मधला टप्पा भलत्याच कुणाच्या फायबरवरून. सेशन लावलं, लगेच ‘एस्टॅब्लिश्ड’ झालं, पण मिळालेले रूट शून्य. १८० सेकंदांनी सेशन पडलं. पुन्हा लागलं, पुन्हा तीन मिनिटांनी पडलं. रात्रभर हाच खेळ. लॉगमध्ये ‘होल्ड टायमर एक्स्पायर्ड’ : समोरून ठरलेल्या मुदतीत ‘मी आहे’ असा निरोप आला नाही, म्हणून आमच्या राउटरने सेशन तोडलं.

दुसऱ्या अपस्ट्रीमच्या हेल्पडेस्कने नेमकं तेच धरलं. “मॅडम, सेशन तुमचा राउटर तोडतोय. नोटिफिकेशन तुमच्याकडून आलंय.” तोडत होता हे खरं, का तोडत होता हे बघायला कुणी तयार नव्हतं. “पिंग चालतोय ना? मग आमच्याकडून लिंक ठीक आहे.” टिकिट बंद. मी नवं उघडलं, तेही बंद. एकाने तर “तुमच्या इंजिनिअरला फोन द्या” असंही सांगून पाहिलं.

मग कुणीतरी सुचवलं, फुल टेबल नको, नुसता डिफॉल्ट रूट घ्या. घेतला आणि सेशन टिकलं. मला वाटलं, आता तरी यांच्या लक्षात येईल. झालं उलटंच. “बघा, एक रूट चालतोय. फुल टेबल तुमच्या राउटरला पेलत नाही, राउटर बदला.” फुल टेबल म्हणजे दहा लाखांच्या घरातले रूट, हे कबूल. पण आता पहिल्या कंपनीकडूनही मी फुल टेबल घेत होते, आणि ते त्याच राउटरवर मुकाट बसलेलं होतं! स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, ‘राउटर बदलून कळवावे.’ आमचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते म्हणाले, “एवढी मोठी कंपनी सांगतीय म्हणजे काहीतरी असंल की.” आणि त्यांनी नव्या राउटरचं कोटेशन मागवलं. कंपनीचं मला काही नाही, पण दादांचं ते वाक्य लागलं.

एक रूट येतो आणि दहा लाख येत नाहीत, याचा मी दुसऱ्या बाजूने विचार केला : छोटं पाकीट येतं, मोठं येत नाही. लिनक्सवरून पिंगचा आकार वाढवत गेले, तुकडे करायला मनाई करून. १४६८ ला उत्तर आलं. १४६९ ला शांतता. हेडरचे २८ बाइट धरले तर १४९६ जातात; जायला हवेत १५००. चार बाइट कमी, आणि व्हीलॅनचा एक टॅग बरोबर चार बाइटांचा असतो. म्हणजे मधल्या कुठल्यातरी स्विचवर आमच्या पाकिटांना जास्तीचा टॅग लागत होता आणि तिथला एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या आकाराची मर्यादा, कुणी वाढवला नव्हता. राउटर असेल तर ‘पाकीट मोठं आहे’ असं कळवू तरी शकतो. स्विच नुसतं टाकून देतो. कीपअलाइव्हचा निरोप अवघा १९ बाइटांचा, पण टीसीपीत सगळं क्रमाने पोचावं लागतं. पुलाखाली कडब्याचा ट्रक अडकला की मागची रिक्षाही अडकते, तसा तो टेबलच्या मोठ्या पाकिटांमागे खोळंबायचा, आणि तीन मिनिटांनी आमचा राउटर हात झटकायचा.

हे सगळं आकड्यांसकट लिहून पाठवलं. उत्तर : ‘एवढ्या मोठ्या आकाराचा पिंग आमच्या तपासणीत येत नाही.’

पुढे एका रात्री अचानक रूट भरायला लागले. एक लाख, तीन लाख, सगळे. १४७२ चा पिंग टाकला, गेला. मी फोन लावला. रात्रपाळीचा पोरगा हळूच म्हणाला, “मधल्या स्विचवर एमटीयू वाढवलाय मॅडम. पण मी सांगितलं असं म्हणू नका.” आणि सकाळी तो मेल. त्यांच्याकडचा दोष लिहिला असता तर करारानुसार बंद काळाचे पैसे बिलातून वजा करावे लागले असते. ओळ बदला म्हटलं, तर म्हणे बंद टिकिट उघडता येत नाही.

शब्दावर विश्वास कसा ठेवायचा ते बीजीपीकडून शिकावं. त्याचा पहिला आराखडा १९८९ मध्ये ऑस्टिनला, जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनांवर काढला गेला. काढणारे कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर. त्याचा मूळ स्वभाव असा, की शेजारी सांगेल ते खरं मानायचं. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करायला त्याचे २५६ पत्ते आपलेच म्हणून जाहीर केले. तो रूट हाँगकाँगच्या अपस्ट्रीमने न तपासता पुढे दिला आणि दोनेक तास जगभरात यूट्यूब बंद पडलं. यंत्रं कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवतात. ती चालवणारी माणसं मात्र आधी बघतात बिल कोण भरतंय आणि कंपनी केवढी आहे. निदान तेव्हा मी रागाने असंच म्हणत सुटले होते.

पण आता आमच्याकडूनही एक-दोन छोटे केबलवाले बीजीपीवर लिंक घेतात, आणि मी त्यांच्या शब्दावर काडीचा विश्वास ठेवत नाही. यादीतले प्रीफिक्स तेवढे घेते, आरपीकेआयला, म्हणजे कुठले पत्ते कुणी जाहीर करायचे याच्या सही केलेल्या नोंदीला, चुकीचा दिसला की रूट टाकून देते. आणि नुसत्या शब्दावर विश्वास ठेवूही नये. रात्रपाळीच्या त्या पोराचाही मला राग नाही. खरं लिहिलं असतं तर त्याच्यावरच शेकलं असतं. राग कुणाचा मग? ओळीचा आहे, एवढं खरं.

नवी लिंक घेणाऱ्यांना मी एवढंच सांगते : पहिल्या दिवशी, पैसे द्यायच्या आधी, तुकडे न करता १४७२ चा पिंग दोन्ही बाजूंनी चालवून घ्या आणि तो निकाल करारात लिहा. क्लासवाले कमांड शिकवतात, हे शिकवत नाहीत.

नवा राउटर दादांनी शेवटी घेतलाच; कोटेशन आलेलं होतं, वर सूटही होती. मी महिनाभर त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण खोटं कशाला बोलू, जुन्यापेक्षा बराच चांगला आहे.