नागद्वारीची वाट

धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. उंची सुमारे १,३५० मीटर. पचमढीहून तिकडे जाताना एक पायवाट नागद्वारीच्या दऱ्यांत उतरते. हे रान व्याघ्रप्रकल्पात मोडते. यात्रेकरूंस ते नागपंचमीच्या सुमारास मोजकेच दिवस खुले होते. २०२४ साली आम्ही इंदूरचे चौघे सेवानिवृत्त मित्र पाठीवर पिशव्या बांधून त्या वाटेने दिवसभर चाललो.

एकाची बायपास झालेली. त्याची पिशवी आम्ही तिघांनी आळीपाळीने घेतली. त्यास ते मुळीच रुचले नाही. सकाळभर तो अबोल होता. अर्थात त्या उतारावर बोलणार तरी कोण? चिखल, शेवाळलेले दगड, आणि धुके इतके दाट की पुढच्याची टोपीच काय ती दिसे.

वाटेवर गर्दी बहुतेक विदर्भातली. तिकडची मंडळे रानात अन्नछत्रे घालतात. अशाच एका ठिकाणी वरणभात वाढणाऱ्या बाईंनी विचारले, "तुमी कुठले जी?"

"इंदूरचे."

"मंग मराठी कशी येते?"

पुण्याचे नातलग आमच्या हिंदीमिश्रित मराठीस हसतात, ती सवय आहे. हा प्रश्न मात्र निव्वळ कुतूहलाचा होता. आमचा अबोल मित्र एकाएकी खुलला. होळकरांच्या पदरी आलेल्या खापरपणजोबांपासून त्याने सुरुवात केली. मागे रांग खोळंबली.

"मंग आपलेच ना तुमी! घ्या अजून," म्हणत बाईंनी पळीभर वरण ओतले.

हात धुऊन त्याने आपली पिशवी मागून घेतली. खडी चढण पुढेच होती. तरी कोणी नाही म्हटले नाही.