पाटीवरचा भाव

भाव करणे मला आयुष्यात कधी जमले नाही. आमच्या घरात ते खाते सौ.कडे आहे. कोथिंबिरीची जुडी वीस रुपयांना म्हटली की ती पंधरा म्हणते आणि वर चार मिरच्या मागून घेते. अशा वेळी मी पिशवी धरून जरा लांब उभा राहतो आणि या बाईंची नि आपली ओळखच नाही, असा चेहरा करून पलीकडचे दुधीभोपळे न्याहाळू लागतो. घासाघीस करणे आपल्याला शोभत नाही, अशी माझी आपली एक समजूत. या शोभण्यापायी गेल्या दिवाळीत माझे काय झाले, त्याची ही हकिगत.

गेल्या वर्षी लेकीचे लग्न झाले आणि पहिल्या दिवाळसणाला जावई आमच्याकडे डोंबिवलीला आले. पाडवा-भाऊबीज आटोपून चौघांनी गोव्याला जावे, असा बेत आधीच ठरला होता. कवळ्याची शांतादुर्गा आमची कुलस्वामिनी. लग्नानंतर लेकीच्या हातून देवीची ओटी भरायची राहिली होती. ती भरावी, मंगेशीला जावे आणि उरल्या वेळात समुद्र पाहावा. "जावयांना बसमधून लोंबकळत न्यायचं नाही हं!" सौ.ने बजावले. म्हणून मी फोनवर भाड्याची, आपण स्वतःच चालवायची मोटार शोधू लागलो.

आणि काय सांगू! दिवसाला फक्त १,४९९ रुपये! तीन दिवसांचे ४,४९७. मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात हिशेब मांडला आणि खूष झालो. खाली तांबड्या अक्षरांत लिहिले होते, 'या दराच्या दोनच गाड्या शिल्लक.' रात्रीचे साडेअकरा वाजलेले, घरात मी एकटा जागा. तरी मागे मोठी रांग लागली आहे आणि कोणीतरी कोपराने ढोसते आहे, असे मला वाटू लागले. मी घाईघाईने बटण दाबले.

पुढच्या पानावर गाडी स्टेशनवर आणून देण्याचे ७०० रुपये आले. त्याच्या पुढच्या पानावर 'नुकसान संरक्षण' म्हणून दिवसाला २९९; ते मला हवे आहे, अशी खूण माझ्या वतीने कोणी आधीच करून ठेवली होती. मग गाडी धुण्याचे ३००. मग 'सुविधा शुल्क' १९९. सुविधा कोणाची, ते लिहिले नव्हते. या सगळ्यावर कर. शेवटच्या पानावर आकडा उभा राहिला तो ७,७८० चा, आणि ५,००० रुपये अनामत वेगळी! तोवर मी नाव, गाव, पत्ता आणि लायसनच्या दोन्ही बाजूंचे फोटो देऊन बसलो होतो. अंतरपाट धरल्यावर वरपक्षाने मानपानाची यादी काढावी, तसा हा प्रकार. मांडव मोडून उठायचे कोणी? मी पैसे भरले. सौ.ला मात्र ४,४९७ हाच आकडा सांगितला.

मडगावला उतरलो तेव्हा नुकते उजाडले होते. गाडी हजर होती. काळ्या पाटीवर पिवळे आकडे; स्वतः चालवायच्या कायदेशीर भाड्याच्या गाडीची ही खूण. गाडी आणणाऱ्या तरुणाने फोन पुढे केला, "काका, इथं बोटानं सही करा." मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या डाव्या दारावर वीतभर लांबीचा ओरखडा होता. मला तो दिसला, चांगला स्पष्ट दिसला. पण शेजारी जावई उभे. सासरेबुवा पहाटे पहाटे ओरखड्यावरून हुज्जत घालताहेत, हे बरे दिसेल का? मी सही केली.

ओटी भरली. मंगेशीच्या दीपमाळेपाशी लेकीने आमचे फोटो काढले. समुद्रावर जावयांनी मला शहाळे पाजले. तीन दिवस हां हां म्हणता सरले आणि परतीच्या वेळी तोच तरुण स्टेशनवर आला. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, मागच्या डाव्या दाराशी वाकला आणि म्हणाला, "हा ओरखडा."

"तो आधीचाच आहे," मी म्हणालो.

"फोटो काढलाय का, काका?"

मी गप्प.

"सही तर तुमचीच आहे."

जावई गाड्यांच्या वेळांची पाटी एकाग्रपणे वाचत होते. सौ.चे ओठ हलू लागलेले पाहताच मी घाईने म्हणालो, "जाऊ द्या, जाऊ द्या. गाडीची वेळ झाली." पाच हजार रुपये गेले.

रात्री आगगाडीत सगळे झोपले. मी जागा होतो. सावंतवाडीचे स्टेशन आले, खिडकीतून दिवे मागे सरकले, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची दुसरी एक पाटी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

सावंतवाडीत आमच्या अण्णांचे सायकलीचे दुकान होते. बावीस सायकली, हवा भरायचा एक पंप आणि पंक्चर शोधायची पाण्याची घमेली. दुकानाच्या दारातच, आत पाऊल टाकण्यापूर्वी दिसेल अशी, काळी पाटी टांगलेली. तिच्यावर अण्णांनी स्वतःच्या हाताने रंगवले होते: अर्धा तास १० पैसे, एक तास १५ पैसे, सबंध दिवस १ रुपया. आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: रात्री दिवा हवा असल्यास ५ पैसे जादा. मोती तलावाला फेऱ्या मारायला मुले सायकली न्यायची. ज्यांचे पाय पुरत नसत ती दांडीखालून पाय घालून.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णा जेवायला गेले की गल्ल्यावर मी बसे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. एका दुपारी माझ्याच वयाचा एक मुलगा सायकल परत घेऊन आला. तिचे मागचे मडगार्ड वाकलेले होते. ते आदल्या दिवशी मीच पाडून वाकवले होते, आणि अण्णांना सांगितले नव्हते. मला काय बुद्धी झाली कोण जाणे! मी म्हणालो, "मडगार्ड वाकवलंस. चार आणे दे." त्याने माझ्याकडे पाहिले. दुकान आमचे, सायकल आमची, गल्ल्यावर मी. त्याने चड्डीच्या दोन्ही खिशांतून पैसे काढून मोजून दिले. फटाक्यांसाठी जमवलेले असावेत.

संध्याकाळी अण्णांनी वही आणि गल्ला ताडून पाहिला. पंचवीस पैसे जास्त! कमी भरले तर ते एखादे वेळी सोडून देत. जास्त भरले की मात्र अस्वस्थ होत. मी सगळे कबूल केले. त्यांनी हात उगारला नाही. पाटीकडे बोट करून एवढेच म्हणाले, "तिथं नाही ते मागायचं नाही. आणि आपण केलेलं दुसऱ्याच्या नावावर लिहायचं नाही." मग पंचवीस पैसे माझ्या मुठीत देऊन मला त्या मुलाच्या घरी पाठवले. एकट्याला. त्याच्या आईला काय समजले कोण जाणे; तिने माझ्या हातावर करंजी ठेवली. ती करंजी मला गिळेना.

त्या अण्णांचा मुलगा आज मडगावच्या स्टेशनावर 'जाऊ द्या' म्हणून आला होता. पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण अण्णा असते तर त्यांना पैसे घेणाऱ्यापेक्षा माझाच राग आला असता, हे मनातून जाईना.

घरी आल्यावर मी सौ.ला खरा आकडा सांगितला. रागावण्याऐवजी तिने चश्मा लावला. तिने ऐन उमेदीची वीस वर्षे ग्राहक पंचायतीच्या महिन्याच्या वाटपात घालवली आहेत. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, हे ती आपल्या माहेरचा इतिहास सांगावा तसे सांगते. "आठवतं का?" ती म्हणाली, "पूर्वी डब्यावर किंमत असायची आणि शेजारी 'स्थानिक कर वेगळे'. ते वेगळे म्हणजे दुकानदाराच्या मनाला येईल तेवढे. १९९० साली नियम बदलला, सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत छापणं आलं, तेव्हा कुठं ते थांबलं. तुमच्या मोटारीचं तेच आहे."

मग आम्ही दोघांनी बसून वाचून काढले. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली नेमलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फोनच्या पडद्यावरून फसवण्याच्या तेरा युक्त्या नावानिशी सांगून त्यांना बंदी केली. किंमत आधी पूर्ण न सांगता थेंबाथेंबाने वाढवत न्यायची, ही त्यांतली एक. तिचे नाव 'ड्रिप प्रायसिंग'. ठिबक सिंचन आपल्याला ठाऊक आहे. हा ठिबक भाव! न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकणे, ही दुसरी. 'दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणे, ही तिसरी. तेरांपैकी दोन तर माझ्यावर उघडउघड झाल्या होत्या, आणि तिसरीचाही मला दाट संशय आहे. शिवाय अवाच्या सवा अनामत मागणारा करार हा कायद्याच्या भाषेत 'अनुचित करार' ठरू शकतो, हेही कळले.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे सारे लिहून घेतले आणि विचारले, "ओरखडा आधीचा असल्याचा काही पुरावा?" पुरावा कुठला! त्याच रविवारी जावयांचा फोन आला, तेव्हा सहज बोलता बोलता मी ही गोष्ट काढली. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते चाचरत म्हणाले, "बाबा, फोटो आहे. पहिल्या दिवशी गाडी घेतानाच मी हिचा फोटो काढला होता. तिच्या पाठीमागं दार आहे, ओरखडा स्वच्छ दिसतो."

"मग तिथंच का नाही दाखवलात?"

"तुम्ही 'जाऊ द्या' म्हणालात. मी मधे बोललो असतो तर जावई चिकट आहे, असं तुम्हाला वाटलं असतं."

मी फोन धरून कितीतरी वेळ हसत राहिलो. सासरा जावयाला भितो, जावई सासऱ्याला भितो, आणि मधल्यामधे पाच हजार रुपये ओरखड्यावरून पळून जातात!

फोटो पाठवल्यावर पाच हजार परत आले. न विचारता लावलेल्या संरक्षणाचे ८९७ रुपयेही आले. आणून देण्याचे, धुण्याचे आणि त्या सुविधेचे मिळून १,१९९ मात्र 'आपण संमती दिली होती' म्हणून त्यांनी ठेवून घेतले. या दाव्याला दोन वर्षांची मुदत असते, एवढ्या रकमेला फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि गोव्याला खेटेही घालावे लागत नाहीत. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. सौ.ने कागद तयार करून ठेवले आहेत. फराळाची धांदल उरकली की ठाण्याला पाठवायचे. १,१९९ रुपयांसाठी एवढे कशाला, असे शेजारी विचारतात. पंचवीस पैशांसाठी मला सावंतवाडीच्या रस्त्याने एकट्याला पाठवणारे अण्णा त्यांनी पाहिलेले नाहीत.

परवा आकाशकंदील घ्यायला गेलो होतो. सौ. पणत्या निवडत होती. कंदीलवाल्याने तीनशे रुपये सांगितले. मी न लाजता, चांगल्या मोठ्या आवाजात विचारले, "एकूण किती?"

तो गोंधळला. "एकूणच सांगितलं, काका. आत दिवा आहे, वायर आहे. वर काही नाही."

मी तीनशे रुपये दिले. भाव करणे मला अजूनही जमत नाही. पण भाव विचारायला आता शिकलो आहे.