तोंड मिटलेला शिंगाळा

दिवाळीच्या सुट्टीहून परतताना ताम्हिणीत चहाला थांबलो, तेव्हा गाडीच्या डिकीत बर्फाच्या डब्यात दोन मासे होते. एक जिताडा, एक शिंगाळा. डबा उघडून बर्फ पाहत होतो, तर टपरीवाले काका वाकून म्हणाले, "धरणातले का?"

नाही म्हणालो, पण तसे पाहिले तर ते अगदीच चुकले नव्हते. मुळा ही पूर्वेला पुण्याकडे जाणारी नदी. 1921 मध्ये सेनापती बापट ज्याच्याविरुद्ध सत्याग्रहाला उतरले, त्या मुळशी धरणाने तिचे पाणी पश्चिमेला वळवले. ते घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडते, तिथून कुंडलिकेत जाते आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीला मिळते. आमच्या लेकीचे आजोळ याच खाडीकाठचे. म्हणजे दर सुट्टीत आम्ही आणि ताम्हिणीचे पाणी एकाच गावाला जातो.

त्या दिवशी फजरची नमाज पढून आम्ही तिच्या मामूंच्या होडीत बसलो. भरती नुकतीच लागली होती. मामूंचा हिशेब असा: जिताडा तिवरांच्या मुळाशी दबा धरून बसतो, त्याला जिवंत कोळंबीच हवी. शिंगाळा तळाच्या चिखलात फिरतो, त्याला काहीही चालते. म्हणून गळ तिवरांकडे टाकायचा आणि रात्री लावलेले जाळे जाता जाता उचलायचे. दोन तासांत जिताडा लागला, दीडेक किलोचा. लेकीने बिस्मिल्लाह म्हणून स्वतः ओढला. आमच्या घरी जावई आला की जिताडाच लागतो, त्यामुळे होडीत मोठा आनंद झाला.

मग जाळे उचलले. त्यात शिंगाळा होता. याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे काटे असतात, ते जाळ्यात असे गुंततात की सोडवता सोडवत नाहीत. हाताला लागले तर तासन् तास ठणका लागतो. मामू सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसतात, त्याने उतरतो. म्हणून ते आधी पकडीने काटे मोडतात. तसे मोडताना शिंगाळा घुरघुरला, हो, हा मासा आवाज करतो, आणि त्याने तोंड उघडले. होडीच्या तळाला पिवळसर गोट्या घरंगळल्या. मोठ्या द्राक्षाएवढ्या.

"अंडी आहेत," मामू म्हणाले. "नर आहे हा. बाप तोंडात सांभाळतो."

आम्ही शाळेत मुलांना शिकवतो, पण हे आम्हाला ठाऊक नव्हते. जिताड्याची मादी लाखोंनी अंडी सोडते आणि निघून जाते. (हा जिताडाही अजब, बहुतेक आधी नर असतात, वाढले की मादी होतात.) शिंगाळ्याची अंडी मोजकी, काही डझन. ती पिल्ले होईपर्यंत बाप तोंडात धरून हिंडतो, कित्येक आठवडे. तेवढे दिवस तो काही खात नाही.

लेक लगेच म्हणाली, "म्हणजे रोजाच."

आम्ही हसलो, पण ती हसत नव्हती. तिने अंडी ओंजळीत घेऊन पाण्यात सोडली. बापाच्या तोंडाबाहेर ती जगत नाहीत, हे मामूंनी तिला सांगितले नाही. आम्हीही नाही.

थोड्या वेळाने तिने विचारले, "हा हलाल आहे ना?" आहे. खवले नसलेला मासा चालतो का, असे आमच्या शेजारीही विचारतात. शिया फिकहमध्ये खवल्यांची अट आहे. हनफी आणि शाफई दोन्हींत मासा म्हटला की चालतो, ज़बहही लागत नाही. एवढे सांगून आम्ही मोकळे झालो. तिचा प्रश्न तो नव्हता, हे कळत होते. ज़बह लागत नाही म्हणजे आपल्यावर काहीच जबाबदारी नाही का, असे ती विचारत होती. तसे नाहीच. मासा पुरता थंड झाल्याशिवाय मामू त्याला सुरी लावत नाहीत, आणि बायकांनाही लावू देत नाहीत. पण तोंडातल्या अंड्यांबद्दल काय सांगणार?

नंतर सुचले की उपाशी असलेला हा बाप गळाला लागणारच नाही. आमिषाला तो तोंडच लावत नाही. त्याला पकडते ते जाळे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी असे अंडी धरलेले शिंगाळे थवेच्या थवे काढले आणि पुढे तिथला शिंगाळाच कमी झाला. मामूंचे जाळे त्यापुढे रुमालाएवढे.

त्याच जाळ्याच्या टोकाला दुसरा शिंगाळा निघाला. हनुवटीखाली पिशवीसारखा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेले. मामूंनी पकड उचलली, भाचीकडे पाहिले आणि पकड खाली ठेवली. मग मासा पाण्यातच धरून त्यांनी सुरीने त्याच्याभोवतीचे जाळे कापले. एकेका काट्यापाशी तीन-चार डोळे. नायलॉनचे जाळे महिन्यापूर्वीच घेतलेले होते. मासा खाली गेला तेव्हा जाळ्यात हात जाईल एवढे भोक पडले होते. मामू कुणाशी बोलले नाहीत. होडी वळवली.

घरी अम्मींनी जिताडा तळला आणि शिंगाळ्याचे आंबट केले. आलेला रिज़्क वाया घालवायचा नाही म्हणून सगळ्यांनी खाल्ले. लेकीने शिंगाळा घेतला नाही. आम्हीही आग्रह केला नाही. तिच्या वाटचा तुकडा अम्मींनी खाल्ला.

जेवण होते आहे तोच मामूंचा फोन आला, पोहोचलात का म्हणून. लेकीने हात न धुताच फोन घेतला आणि जाळ्याचे विचारले.

"विणायलाच बसलोय," ते म्हणाले. "दिवा जरा मंद आहे, नाहीतर झालं असतं."