उलथण्याचा डावा कोपरा

काकांच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा गेले ती अकरावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला. 1983चा जून. बडोद्याच्या रावपुऱ्यात एका कपड्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की त्यांची खोली लागे. माझा फोटो काढून झाल्यावर ते खिडकीपाशी जाऊन बसले. समोर तिरका लाकडी डेस्क, त्यात दुधी काच, काचेवर कुणाची तरी निगेटिव्ह. हातातल्या पेन्सिलीचं शिसं इंचभर उघडं, घासून घासून सुईसारखं केलेलं. त्या टोकानं ते निगेटिव्हवर इतके बारीक ठिपके देत होते, की हात हलतोय हेही कळत नव्हतं.

मी घरी जायचं विसरून बघत राहिले. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ होऊन उतरते. ती शिशानं भरली की कागदावर तेवढी जागा उजळते आणि सुरकुती नाहीशी होते. हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. मग मान वर करून म्हणाले, “शीखवुं छे?” शिकायचंय?

वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई दांडिया बाजारातल्या मराठी घरांना फराळ आणि सणावाराचं करून देई. फोटोग्राफी शिकायला पैसे कुठले? आणि कॅमेरा गळ्यात अडकवून मुलीनं गावभर हिंडणं तिला मान्य होणं शक्यच नव्हतं. काका स्वतः घरी आले. आईला ‘बेन’ म्हणायचे. तिनं मला बाहेर पाठवायला ठाम नकार दिला, तेव्हा त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “बेन, घरमां शुं ओछुं छे?” घरात काय कमी आहे! दुसऱ्या दिवशी कपाटात पडून असलेला त्यांचा रशियन झेनिट माझ्या हातात आला. वजनाला वरवंट्यासारखा. सोबत लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या तीन पोकळ रिंगा. फिल्मही त्यांचीच. मोठ्या गुंडाळीतून कापून उरलेले आठ-दहा फोटोंचे तुकडे ते जुन्या डबीत भरून देत. पैशांचं काढलं की म्हणत, दर रोलमागे एक चांगला फोटो मला द्यायचा. बस.

मग सुरू झालं आमच्या घराचं शिक्षण. लेन्स रिंगांनी पुढे गेली की जवळचं दिसतं, पण उजेड घटतो. वस्तू आणि फिल्मवरची तिची प्रतिमा एकाच मापाची झाली, की प्रकाश चौपट द्यावा लागतो. झेनिटचं मीटर लेन्सच्या आतून मोजत नसे, त्यामुळे हा हिशेब वहीत करायचा. फिल्मची चौकट 24 बाय 36 मिलिमीटर, म्हणजे तेवढ्याच जागेत जग मावायचं. लेन्सचं भोक बारीक करून सोळावर आणलं, तरी स्पष्ट दिसणारा थर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा. किसणीच्या एका दाताचं टोक नीट आलं, तर त्याचं मूळ धूसर. काही सेकंद शटर उघडं ठेवायचं म्हणून मे महिन्यात पंखा बंद, आणि आईला ताकीद, की आता रवी फिरवायची नाही. ती बिचारी हातातलं काम थांबवून उभी राहायची. उजेड मागच्या खिडकीचा, आणि सावलीच्या बाजूला वहीचा पांढरा पुठ्ठा.

पहिला रोल घेऊन गेले. पितळी डबा, समई, पाट, सगळं कसं व्यवस्थित आलं होतं. काकांनी एकेक पाहिलं आणि म्हणाले, “हजी नजीक.” अजून जवळ. दुसऱ्या रोललाही तेच. तिसऱ्यालाही.

जवळ जाता जाता वस्तूंची नावं गळून पडली. सोऱ्याची चकती राहिली नाही. काळ्या आभाळात एका ओळीत लागलेल्या चांदण्या राहिल्या. आईच्या रुखवतातल्या तांब्यावर घातलेलं नाव म्हणजे रेघ नव्हतीच, कासारानं ठोकलेले सुटे सुटे ठिपके होते, आणि एका ठिपक्यावर हात किंचित घसरला होता. तो कासार कोण, कुठला? पंचवीस वर्षं त्या तांब्यातून पाणी प्यालेल्या घरात त्याचा घसरलेला हात कुणी पाहिला नव्हता.

काका काम करता करता बोलत. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्यात, कलाभवनात शिकले, हे ते नातेवाइकाविषयी सांगावं तसं सांगत. सयाजीरावांनी 1890 साली सुरू केलेलं ते कलाभवन. पुढे 1912 मध्ये याच फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसे. ‘अंकुराची वाढ’. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे अशा माणसांनी त्यांना कर्ज देऊ केलं आणि ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. काका म्हणत, आधी वाटाणा, मग राजा. आमच्याच गावातल्या ललित कला विभागात शिकवणारे ज्योती भट्ट चित्रकार असून खेड्यापाड्यांतल्या सारवलेल्या भिंती, रांगोळ्या, बायकांच्या हातांवरची गोंदणं कॅमेऱ्यानं जपून ठेवताहेत, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. एडवर्ड वेस्टननं 1930 साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेला फोटो मात्र मी पुष्कळ उशिरा पाहिला. पाहिला तेव्हा आमचं रॉकेलचं नरसाळं आठवलं आणि काका आठवले.

उलथणं सगळ्यांत शेवटी सापडलं. रोज डोळ्यांसमोर असलेलं, पितळेचं, आईच्या लग्नातलं. रिंगा लावून त्याच्या पात्यावर उतरले आणि पाहते तर डावा कोपरा नाहीच. उजव्या हातानं कढई खरवडताना जो कोपरा तळाला लागतो, तेवढाच झिजून गोल झालेला. उजवा जवळपास आला तसा. झिजलेल्या कडेवर सगळे चरे एकाच दिशेनं, एकाला लागून एक, वाऱ्यानं वाळूवर उठवाव्यात तशा लाटा. आईनं तो फोटो बराच वेळ हातात धरला. “एवढं पितळ गेलं कुठं गं?” म्हणाली. मला उत्तर आलं नाही. आमच्याच पोटात गेलं असणार. शिवाय साऱ्या दांडिया बाजाराच्या.

त्या फोटोला काका “हजी नजीक” म्हणाले नाहीत. काउंटरच्या काचेखालचा एक नवरा-नवरीचा फोटो काढून तिथे त्यांनी उलथणं लावलं. पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकं पावती करताना त्याच्यावर कोपर टेकत होती.

दिवसभर माणसांच्या चेहऱ्यांवरच्या खुणा पुसणाऱ्या माणसानं मला भांड्यांवरची एकही खूण पुसू दिली नाही. एकदा चरा झाकावा म्हणून मी तांब्या चिंचेनं लख्ख घासून नेला होता. ते खरोखर दुखावले. चेहरा सुंदर करून मागणारे पैसे देतात, त्यावर माझं घर चालतं, म्हणाले. पण हा तांब्या तुझ्याकडे काय मागायला आला होता?

1994 साली आईला साठ वर्षं पूर्ण झाली. तिचा फोटो काढायला आम्ही त्यांच्याकडेच गेलो. तोवर रंगीत लॅब गल्लोगल्ली झाल्या होत्या आणि पेन्सिलीचं काम जवळजवळ थांबलं होतं. काकांनी मोठा जुना कॅमेरा काढला, आईला खिडकीशेजारी बसवलं आणि तिचे हात पदरातून बाहेर घ्यायला लावले. तळणीच्या तेलानं पडलेले डाग होते मनगटापासून वर. ती ते कायम झाकायची.

फोटो घ्यायला गेले तेव्हा त्यांनी पाकिटात निगेटिव्हही घातली होती. स्टुडिओवाले निगेटिव्ह कधी देत नसत. पैसे विचारले तर, “रोल बाकी छे तारा,” एवढंच.

आई आता नाही, काकाही नाहीत. जिन्याच्या वर आज एका शिकवणीची पाटी आहे. ती निगेटिव्ह मी अधूनमधून काढते, खिडकीच्या उजेडात धरते आणि तिरकी करून पाहते. शिशानं भरलेली जागा तशी धरली की चमकते. कपाळ, डोळ्यांच्या कडा, गाल, मग दोन्ही हात. कुठेच काही चमकत नाही.